जळक्या तेलाचा बाजार

तळून तळून काळं पडलेल्या तेलाला दोन गिऱ्हाइकं असतात. पहिलं हॉटेलच्या मागच्या दाराने येतं, कॅन उचलतं, रोख पैसे हातावर ठेवतं आणि माल कुठे नेणार ते सांगत नाही. दुसरं टेम्पो घेऊन येतं. त्याच्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी असते, वजनकाटा असतो, पावतीपुस्तक असतं. हॉटेलमालक दोघांनाही ओळखून असतो. कोणाला द्यायचं हे ठरवताना त्याच्या डोळ्यांसमोर पर्यावरण नसतं आणि सरकारचं जैवइंधन धोरणही नसतं. किलोमागे दोन-चार रुपये जास्त कोण देतो, एवढंच तो बघतो.

पहिल्या गिऱ्हाइकाचा माल कुठे पोचतो, हे तसं उघड गुपित आहे. वापरलेलं तेल छोट्या खानावळी, ढाबे आणि रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे बेकायदा जातं आणि उरलेलं गटारं तुंबवतं, असं खुद्द अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने म्हणून ठेवलं आहे. मोठ्या हॉटेलने टाकलेलं तेल गाळून, त्यात थोडं ताजं मिसळून ते पुन्हा कुठल्या तरी कढईत पडतं. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल कारखान्यात जाऊन बायोडिझेल होतो, आणि आता तर विमानाच्या टाकीपर्यंत जाण्याच्या बेतात आहे. या दोन वाटांमधली चुरस गेली सात-आठ वर्षं भारतात चालू आहे. नियम आले, योजना आल्या, स्टिकर आणि अ‍ॅप आले. तरी निकाल अजून मागच्या दारातच लागतो आहे.

कढईत काय घडतं

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. तळणीच्या वेळी कढईतलं तापमान साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअस असतं. त्यात ओलसर बटाटेवडा पडला की त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि तीच वाफ काही साखळ्या कण्यापासून तोडते. सुट्या झालेल्या मेदाम्लांमुळे तेल लवकर धुरकटायला लागतं. वरून हवेतला ऑक्सिजन लागतो, त्यातून पेरॉक्साइडं आणि पुढे अल्डिहाइडं तयार होतात. खवट वास त्यांचाच. शिवाय नुसत्या उष्णतेने साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि तेल दाट होतं, फेसाळतं. भज्यांच्या जुन्या कढईच्या काठावर जो तपकिरी, चिकट, घासूनही न निघणारा थर बसतो, तो या जोडकामाचाच.

या सगळ्या उलथापालथीतून जे पदार्थ तयार होतात त्यांना एकत्रितपणे ध्रुवीय संयुगं म्हणतात. तेल किती खराब झालं हे मोजायचा जगभर मान्य झालेला निकष तोच. भारतात ही मर्यादा २५ टक्के ठरली आणि १ जुलै २०१८पासून ती लागू झाली. त्यापुढे गेलेलं तेल तळणीला वापरायचं नाही, मग व्यवसाय पंचतारांकित हॉटेलचा असो की हातगाडीचा. उच्च रक्तदाब, धमन्या कठीण होणं, यकृताचे विकार अशा आजारांशी या संयुगांचा संबंध प्राधिकरणाने जोडला आहे.

मुरलेला आचारी तेलाचा फेस, धूर आणि वास बघून ते बदलायची वेळ ओळखतो. पण रंगावर भरवसा ठेवता येत नाही. बेसनाचे कण जळले की ताजं तेलही दोन-तीन घाण्यांत काळवंडतं. उलट बारीक कापडातून गाळलेलं, आतून पार बिघडलेलं तेल दिसायला बरं असू शकतं. गाळण्याने चुरा निघतो, ध्रुवीय संयुगं तेलातच राहतात. कढई उतरली की वरून ताजं तेल ओतायची पद्धत घरोघरी आणि हॉटेलोहॉटेली आहे. त्याने आकडा थोडा खाली येतो आणि जुनं तेल आणखी एक दिवस टिकतं. नेमकं उत्तर हवं तर गरम तेलात बुडवायचा छोटा हातयंत्री मापक मिळतो. तेलाचा विद्युत-गुणधर्म मोजून तो मिनिटाच्या आत टक्केवारी दाखवतो. साखळी रेस्टॉरंटांच्या स्वयंपाकघरात तो असतो. नाक्यावरच्या गाडीवर तो दिसायची शक्यता कमीच.

पन्नास लिटरची रेष

कढईतलं तेल कधी काढायचं ते २०१८च्या नियमाने सांगितलं. काढलेल्याचं पुढे काय करायचं ते १ मार्च २०१९पासून लागू झालेल्या आदेशाने सांगितलं. तळणीसाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी रोजची नोंद ठेवायची: किती तेल घेतलं, किती वापरलं, किती टाकलं, कोणत्या नोंदणीकृत संकलकाला दिलं.

ही ५० लिटरची रेष नीट बघण्यासारखी आहे. बाजारात तळणीचं तेल बहुधा डब्याच्या हिशोबाने येतं. १५ किलोचा डबा म्हणजे साधारण साडेसोळा लिटर. रोज असे तीन डबे फोडणारा व्यावसायिक ४९-५० लिटरच्या आसपास राहतो, म्हणजे नोंदवहीतून सुटतो. डबा १५ लिटरचा असेल तर तीन डब्यांचे ४५च होतात. रोज तीन डबे तेल लागणारी गाडी म्हणजे चांगलीच चालणारी गाडी. वडापाव, भजी, समोसा, कचोरी, मिसळीवरची शेव, चायनीज गाड्यांवरचं मंचुरियन असं महाराष्ट्राच्या रस्त्यावर तळलं जाणारं बहुतेक सगळं या रेषेच्या खाली येतं. २५ टक्क्यांची मर्यादा त्यांनाही आहे, पण टाकलेल्या तेलाचा माग ठेवायची सक्ती त्यांच्यावर नाही.

म्हणून कायद्याचा हात हॉटेलसाखळ्या, मोठे फरसाण कारखाने, विमानात जेवण पुरवणारी स्वयंपाकघरं आणि औद्योगिक उपाहारगृहं इथपर्यंत पोचतो. त्याच्या पलीकडे जे होतं ते दराच्या जोरावर होतं.

एकशेचाळीस कोटी आणि एक्कावन्न हजार

१० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन. २०१८च्या त्या दिवशी प्राधिकरणाने ‘रुको’ ही मोहीम सुरू केली. वापरलेल्या खाद्यतेलाला नवा उपयोग द्यायचा, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून साधलेलं हे हिंदी नाव. वर्षभराने, १० ऑगस्ट २०१९ला, तत्कालीन पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी तिला इंधनाची बाजू जोडली. सरकारी तेल कंपन्या १०० शहरांत अशा तेलापासून बनवलेलं बायोडिझेल विकत घेतील, असं जाहीर झालं. हमीचा दर पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२ रुपये ७० पैसे, तिसऱ्या वर्षी ५४ रुपये ५० पैसे. तेल देणाऱ्या हॉटेलांच्या दारावर लावायला स्टिकर आला, तेल उचलण्यासाठी अ‍ॅप आलं.

सरकारचा तेव्हाचा अंदाज असा होता: देशात वर्षाला सुमारे २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरलं जातं, त्यातलं १४० कोटी लिटर वापरलेलं तेल हॉटेल, रेस्टॉरंट, उपाहारगृहं अशा मोठ्या ग्राहकांकडून गोळा करता येईल, त्यातून ११० कोटी लिटर बायोडिझेल निघेल. घराघरांतलं तेल या हिशोबात धरलेलंच नव्हतं.

४ मे २०२१ रोजी इंडियन ऑइलच्या दिल्लीतल्या टिकरी कलां डेपोतून या योजनेखालचं मिश्रित डिझेल पहिल्यांदा बाहेर पडलं. मंत्र्यांनी हिरवा झेंडा दाखवला. त्या वर्षीच्या मार्चअखेर डेपोत आलेलं तळणीच्या तेलाचं बायोडिझेल होतं ५१ किलोलिटर, म्हणजे ५१,००० लिटर. हा एकाच डेपोचा आकडा आणि सुरुवातीचा काळ कोविडचा. महिनोन्‌महिने हॉटेलं बंद, कढया थंड. ही सगळी सूट दिली तरी ११० कोटी आणि ५१ हजार यांतलं अंतर केवळ साथीने पडलेलं नव्हतं.

खरं कोडं ५१ रुपयांत होतं. हा दर तयार बायोडिझेलचा. एक लिटर बायोडिझेल करायला एक लिटरहून जास्त वापरलेलं तेल लागतं, कारण कच्च्या मालात पाणी असतं, चुरा असतो, गाळ असतो. वर मिथेनॉल, उत्प्रेरक, वीज, मजुरी. त्याआधी शहरभर फिरून वीस-वीस, चाळीस-चाळीस लिटर उचलणाऱ्या टेम्पोचं डिझेल. हे सगळं वजा करून संकलक हॉटेलमालकाला काय देणार? २०२१मध्ये तर ताज्या पामतेलाचा किरकोळ दर किलोला १०० रुपयांच्या बराच वर गेला. ज्याला जुनं तेल ताज्यात मिसळून खायलाच विकायचं आहे, त्याची तुलना या शंभरच्या वरच्या दराशी होते. बायोडिझेलवाल्याची तुलना ५१शी. पहिलं गिऱ्हाईक जास्त पैसे का देऊ शकतं, याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

त्यातही खाचाखोचा आहेत. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो, वर्षाला दीडशे लाख टनांच्या घरात, आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा. सप्टेंबर २०२४मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयातशुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं. मे २०२५अखेर ते पुन्हा साडेसोळा टक्क्यांवर आलं. तेलबियांच्या शेतकऱ्यासाठी किंवा महागाईसाठी घेतलेल्या अशा प्रत्येक निर्णयाबरोबर ताज्या तेलाचा भाव हलतो, आणि त्यामागोमाग काळ्या तेलाला चोरवाटेने जायची ओढही कमी-जास्त होते. सरकारने इंधनाच्या बाजूने थोडा हातभार लावला: १ ऑक्टोबर २०२१पासून तेल कंपन्यांना मिश्रणासाठी पुरवलेल्या बायोडिझेलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला.

जिथे दराचा प्रश्नच उठत नाही, तिथे ही साखळी सुरळीत चालते. पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडॉनल्ड्स चालवणाऱ्या कंपनीने मुंबईतल्या ८५ रेस्टॉरंटांतलं तेल बायोडिझेलसाठी वळवलं. महिन्याला सुमारे ३५,००० लिटर. त्या इंधनावर तिने स्वतःचा माल वाहणारे ट्रक चालवले. सगळीकडे एकाच मापाची तळणी, तेल बदलायचं एकच वेळापत्रक, तेल उचलायचा एकच करार, आणि तयार इंधनाचं गिऱ्हाईक स्वतःच. अशा व्यवस्थेत मागच्या दाराला वावच राहत नाही. मुंबईच्या बाकीच्या हजारो स्वयंपाकघरांना मात्र यातलं काहीच लागू नाही. तिथे आचारी बदलतो, मालक बदलतो, तेलाचा ब्रँडही आठवड्याला बदलतो.

शेंगदाणा तेल, मोगली एरंड, उसाची मळी

डिझेल इंजिन आणि खाद्यतेल यांची ओळख जुनी आहे. १९००च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं. रुडॉल्फ डिझेलने स्वतः पुढे लिहिलं की इंजिन इतकं सुरळीत चाललं की फार थोड्यांच्या ते लक्षात आलं. पण निव्वळ तेल दाट असतं, इंजिनात काजळी धरतं. त्यावरचा तोडगा ब्रसेल्स विद्यापीठातल्या जी. शावान यांनी १९३७मध्ये पेटंट करून ठेवला: तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया करून ते पातळ करायचं. पुढच्याच वर्षी पामतेलापासून केलेल्या या इंधनावर ब्रसेल्स आणि लूव्हां यांच्यात बस धावली. तेव्हा खनिज डिझेल स्वस्त होतं, त्यामुळे कल्पना मागे पडली.

भारताने बायोडिझेल मनावर घेतलं ते मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या निमित्ताने. २००३मध्ये नियोजन आयोगाने जट्रोफाची मोठी मोहीम आखली. पडीक जमिनीत, पाण्यावाचून, तेलबिया पिकतील अशी आशा होती. २००९च्या धोरणाने २०१७पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं. झाड पडीक जमिनीत जगलं, पण बी भरघोस आलं नाही. ज्यांनी लावलं त्यांना गिऱ्हाईक मिळेना. २०१८च्या नव्या धोरणाने लक्ष्य २०३०पर्यंत ५ टक्क्यांवर आणलं आणि कच्च्या मालाच्या यादीत वापरलेल्या खाद्यतेलाला जागा दिली.

याच काळात पेट्रोलमधलं इथेनॉल २०२५मध्ये २० टक्क्यांवर पोचलं. डिझेलमधलं बायोडिझेल अजून एक टक्क्याच्याही आत आहे. महाराष्ट्राला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. उसाची मळी साखर कारखान्याच्या टाकीत आपोआप जमा होते. कारखान्याला सभासद आहेत, संचालक मंडळ आहे, शेजारी आसवनी आहे आणि मागे राजकीय ताकद आहे. तळणीचं तेल लाखो कढयांत दोन-दोन, पाच-पाच लिटरने विखुरलेलं. त्याची ना सोसायटी, ना संघ, ना गाळप हंगाम.

टाकीतला कारभार

गोळा केलेलं तेल कारखान्यात येतं तेव्हा ते एकजिनसी नसतं. एका कॅनमध्ये पामतेल, दुसऱ्यात सोयाबीन, तिसऱ्यात कोंबडी तळलेल्या वनस्पतीचा थर. थंडीच्या दिवसांत पामतेलाचे कॅन गोठतात आणि ओतण्याआधी गरम करावे लागतात. आधी जाळीतून चुरा काढायचा, मग तापवून पाणी उडवायचं, मग सुटी मेदाम्लं किती आहेत ते तपासायचं. त्यांचं प्रमाण दोनेक टक्क्यांच्या वर असेल तर थेट अल्कली टाकून चालत नाही. इंधनाऐवजी टाकीत साबण होतो. म्हणून आधी गंधकाम्लाच्या मदतीने त्या मेदाम्लांचीच मिथेनॉलशी गाठ घालून द्यायची.

मग मुख्य प्रक्रिया. तेल साधारण ६० अंशांवर आणायचं, मिथेनॉल आणि उत्प्रेरक मिसळायचा, ढवळत राहायचं. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे त्याच्या खाली राहावं लागतं. मेदाम्लांच्या साखळ्या ग्लिसरॉलचा कणा सोडून मिथेनॉलला जाऊन मिळतात. ढवळणं थांबलं की टाकीत दोन थर पडतात: वर मधाच्या रंगाचं पातळ बायोडिझेल, तळाशी काळपट, जड ग्लिसरीन. ढोबळ हिशोब असा की १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉल यांतून १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन निघतं. ग्लिसरीन शुद्ध होऊन साबण, सौंदर्यप्रसाधनं, औषधं यांच्याकडे जातं. बायोडिझेल धुवून, वाळवून, बऱ्याचदा ऊर्ध्वपातित करून भारतीय मानकाच्या कसोटीला लावलं जातं.

खनिज डिझेलशी तुलना करता तळणीच्या तेलाच्या बायोडिझेलमुळे हरितगृह वायूंचं उत्सर्जन ८० टक्क्यांहून अधिक कमी होतं, असा युरोपीय संघाच्या नियमांतला हिशोब आहे. यासाठी वेगळं शेत लागत नाही, जंगल तोडावं लागत नाही. युरोपात या तेलाला जो मान आहे तो यामुळेच.

चार ठिकाणं

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराच्या बससेवेने १९९४मध्ये दोन बस तळणीच्या तेलाच्या बायोडिझेलवर चालवून पाहिल्या. रेस्टॉरंटांतून आणि घरांतून तेल गोळा होऊ लागलं, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत शहराचा जवळजवळ सगळा ताफा त्यावर आला. ग्राझ ही श्टायरिया प्रांताची राजधानी. त्याच प्रांतातली म्युन्झर ही कंपनी पुढे ‘म्युन्झर भारत’ या नावाने नवी मुंबईत आली आणि इथल्या हॉटेलांतलं तेल उचलू लागली.

जपानमधल्या क्योतोने सुरुवात घरांपासून केली. टेंपुरा तळून उरलेलं तेल नागरिक ठरलेल्या दिवशी गल्लीतल्या जमा ठिकाणी आणून ओतायचे. मोहल्ल्यातले स्वयंसेवक ती जागा सांभाळायचे. १९९७मध्ये, हवामान परिषद क्योतोत भरली त्याच वर्षी, शहराच्या सुमारे २२० कचरागाड्या या इंधनावर धावू लागल्या. २००४मध्ये नगरपालिकेने दिवसाला ५,००० लिटर क्षमतेचा स्वतःचा कारखाना उभारला.

हवाई बेटांपैकी माउईवर प्रश्न वेगळा होता. पर्यटकांच्या हॉटेलांचं तेल बेटावरच्या कचराभूमीत ओतलं जात होतं आणि बेट लहान. तिथे जनरेटर दुरुस्तीचं काम करणाऱ्या बॉब किंग यांनी १९९६मध्ये ‘पॅसिफिक बायोडिझेल’ सुरू केली. ती अमेरिकेतल्या अगदी पहिल्या बायोडिझेल कंपन्यांपैकी एक.

लंडनने हे सगळं उशिरा आणि नाक मुठीत धरून शिकून घेतलं. २०१७मध्ये व्हाइटचॅपल भागातल्या भुयारी गटारात २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा चरबीचा कडक गोळा सापडला. सिंकमध्ये ओतलेलं तेल पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून साबणासारखं घट्ट होतं, त्यात ओले वाइप्स आणि कचरा अडकतो. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. त्यातल्या बऱ्याच भागाचं बायोडिझेल झालं आणि एक तुकडा लंडनच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवला गेला. बघायला गर्दी झाली.

यातल्या पहिल्या तीन ठिकाणी तेल गोळा करणाऱ्याच्या मागे कोणी तरी खंबीर उभं होतं: कुठे बससेवा, कुठे नगरपालिका, कुठे कचराभूमी भरत चालल्याची भीती. इंधनाचा भाव पडला तरी गाडी तेल उचलायला येत राहिली. नियमितपणाला हॉटेलमालक दराइतकीच किंमत देतो, कारण भरलेला कॅन स्वयंपाकघरात जागा अडवतो, घसरतो, वास मारतो. दोन आठवडे टेम्पो आला नाही की तिसऱ्या आठवड्यात मागच्या दाराने आलेल्याला कॅन मिळतो.

भाव चढला की

चीनची गोष्ट याहून टोकाची आहे. तिथे गटारातून उपसलेलं आणि हॉटेलांनी टाकलेलं तेल शुद्ध करून पुन्हा खायला विकणाऱ्या टोळ्या २०१०च्या सुमारास उघडकीला आल्या. २०११मध्ये पोलिसांनी १४ प्रांतांत पसरलेलं एक जाळं मोडलं, ३२ जणांना अटक केली. पुढे कायदे कडक झाले. पण त्या तेलाला ताटाऐवजी बंदराची वाट दाखवली ती मुख्यतः परदेशी मागणीने. युरोपात टाकाऊ तेलापासून केलेलं जैवइंधन लक्ष्यपूर्तीच्या हिशोबात दुप्पट मोजलं जातं, त्यामुळे तिथल्या कंपन्या चढा दर द्यायला तयार असतात. चीन या तेलाचा जगातला मोठा निर्यातदार झाला. इतका, की १ डिसेंबर २०२४पासून त्याने या निर्यातीवरचा १३ टक्के करपरतावा काढून घेतला. आपलं तेल आपल्याच इंधन कारखान्यांना मिळावं, हा त्यामागचा एक उघड हिशोब.

चढ्या भावाची दुसरी बाजूही तिथेच दिसली. वापरलेलं तेल ताज्या पामतेलापेक्षा महाग झालं, की ताज्या पामतेलालाच ‘वापरलेलं’ म्हणून विकायचा मोह होतो. युरोपात आशियातून आलेल्या मालाबद्दल असे संशय वारंवार घेतले गेले, चौकश्या झाल्या. प्रयोगशाळेत अशी लबाडी पकडणं कठीण असतं, म्हणून तेल कोणत्या स्वयंपाकघरातून निघालं याची कागदोपत्री साखळी तपासणाऱ्या प्रमाणपत्र संस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेत रेस्टॉरंटांच्या मागे ठेवलेल्या टाक्यांतून रात्री तेल उपसून नेणाऱ्या टोळ्यांवर खटले चालले. फेकायला पैसे मोजावे लागणारी वस्तू कुलपात ठेवायची झाली.

विमानाच्या टाकीपर्यंत

भाव चढवण्यात आता विमानांचा वाटा आहे. विमानांना बायोडिझेल चालत नाही. उंचीवरच्या थंडीत ते गोठेल. त्यासाठी तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातला ऑक्सिजन काढून टाकतात आणि उरलेल्या साखळ्या तोडून-वळवून केरोसिनसारखं इंधन बनवतात. २८ नोव्हेंबर २०२३ला व्हर्जिन अटलांटिकचं विमान लंडनहून न्यूयॉर्कला पूर्णपणे अशा इंधनावर गेलं. त्या इंधनाचा बहुतांश भाग टाकाऊ तेल आणि चरबीपासून केलेला होता.

भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी टप्पे ठरवले आहेत: शाश्वत विमान इंधनाचं मिश्रण २०२७मध्ये १ टक्का, २०२८मध्ये २ टक्के, २०३०मध्ये ५ टक्के. ऑगस्ट २०२५मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत शुद्धीकरण कारखान्याला वापरलेल्या खाद्यतेलापासून असं इंधन बनवण्यासाठी आवश्यक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. नियोजित क्षमता वर्षाला ३५,००० टन. कंपनीचे अध्यक्ष ए. एस. साहनी यांनी तेव्हा कच्च्या मालाची गोष्ट उघडपणे सांगितली होती. मोठ्या हॉटेलसाखळ्या आणि हल्दीरामसारख्या फरसाण-मिठाई उत्पादकांकडून तेल गोळा करणाऱ्या संस्था देशात आहेत, आणि ते तेल आज मुख्यतः निर्यात होतं. अवघड आहे ते लहान वापरणाऱ्यांचं आणि घराघरांतलं तेल मिळवणं.

म्हणजे मोठ्या कढयांच्या तेलासाठी आता परदेशी निर्यातदार, बायोडिझेल कारखाना आणि विमान इंधनाचा प्रकल्प अशी तिहेरी मागणी आहे. तिथे मागच्या दाराचा धंदा मागे पडण्याची शक्यता खरोखरच आहे. चोरवाटेवरच्या व्यापाऱ्याला ताज्या पामतेलाच्या भावाच्या खालीच राहावं लागतं. विमानाचं गिऱ्हाईक वेळप्रसंगी त्याच्या वर जाऊ शकतं.

छोट्या कढयांचं काय? दिवाळीच्या दहा-पंधरा दिवसांत महाराष्ट्रात जितकं तळलं जातं तितकं एरवी क्वचितच तळलं जात असेल. चकली, शेव, करंज्या, शंकरपाळे, चिवड्याचे पोहे. फरसाणवाल्यांच्या भट्ट्या पहाटेपासून पेटतात, महिला बचतगट फराळाच्या ऑर्डरी घेतात, घरोघरी कढईच्या तळाशी दीड-दोन लिटर तेल उरतं. ते भाजीच्या फोडणीत संपवतात, नाही तर सिंकमध्ये ओततात. यातले फार थोडे ५० लिटरच्या रेषेवर जातात, आणि सरकारच्या १४० कोटींच्या अंदाजातही घरं नाहीत.

गोळा करणं हेच इथे खर्चाचं काम आहे. बचतगटाच्या पाच लिटरसाठी टेम्पो पाठवणं कोणत्याही कारखान्याला परवडणार नाही. पण शेजारच्या दोन गल्ल्यांतलं तेल एका ठिकाणी जमा झालं, तर दोनशे लिटरचं पिंप आठवड्यात भरू शकतं. तशी जागा देणं सोसायटीला, मंडईला, फेरीवाल्यांच्या संघटनेला किंवा वॉर्ड ऑफिसला जमण्यासारखं आहे. सुक्या कचऱ्याच्या केंद्रांवर प्लास्टिक आणि पुठ्ठा वजनावर घेतला जातो, त्याच काट्यावर तेलाचा कॅनही ठेवता येतो. गाडीवाल्याला जागेवर रोख पैसे मिळाले पाहिजेत, कारण त्याचा रोजचा डबाही रोखीनेच येतो. महिन्याअखेर बँकेत जमा होणाऱ्या रकमेची तो वाट पाहणार नाही.

२०२७पासून मुंबईहून दुबईला किंवा लंडनला जाणाऱ्या विमानाच्या इंधनात एक टक्का वाटा नव्या इंधनाचा असणं अपेक्षित आहे. पानिपतचं यंत्र त्यासाठी तयार होतं आहे, आणि त्याला लागणाऱ्या मालाचा भाव युरोप-आशियातल्या बाजारांत ठरतो. तो भाव दादरच्या किंवा कर्जतच्या वड्याच्या कढईपर्यंत आणणारी शेवटची दोन किलोमीटरं, म्हणजे पिंप, काटा, रोख पैसे आणि ठरल्या वारी येणारा टेम्पो, हे काम मात्र अजून कुठल्याही खात्याने किंवा तेल कंपनीने अंगावर घेतलेलं नाही.